पावशेर तूप

पहाटे ३:४०

गजर वाजायच्या आधीच जाग येते. विठ्ठलवाडी स्टेशनच्या पूर्वेला आमची चाळ. या वेळी रूळ थोडा वेळ गप्प असतात. तेवढ्यात माझी आंघोळ उरकते. गोपीचंदनाचा टिळा, त्यावर बुक्का. गळ्यातली माळ पंच्याने टिपून घेते. तुळशीची, एकशे आठ मण्यांची. कॅशबॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो तो नेमका माळेवर घासतो, त्यामुळे त्या बाजूचे सात-आठ मणी चपटे झालेत आणि दोरा दर वर्षी विरतो. आषाढीच्या आधी एक दिवस बसून नव्या दोऱ्यात ओवून घेते.

आज माघ शुद्ध दशमी. फळीवर कडीचा डबा काल रात्रीच भरून ठेवलाय. त्यात तूप, मोजून पावशेर. आठवडाभर साय साठवून परवा लोणी कढवलं. थंडीनं आता छान रवाळ झालंय.

या तुपाची गोष्ट आईनं मला मी दुसरीत असताना सांगितली. तुकोबांना गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात. गंगास्नानाच्या वाटेवर एक साधू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, आपलं नाव बाबाजी सांगितलं, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही मागची दोन नावं सांगितली आणि ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. जेवायला म्हणून पावशेर तूप मागितलं. तुकोबा स्वप्नात ते द्यायला विसरले आणि बाबाजी घाईनं निघून गेले. हे सगळं स्वतः तुकोबांनीच एका अभंगात सांगून ठेवलंय, तिथी-वारासकट. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. यंदा वार जुळला नाही, तिथी जुळली.

आई म्हणायची, “तुकोबांचं द्यायचं राहिलंय ना, ते आपण द्यायचं.”

आई जुन्नर तालुक्यातली. बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरला, मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ. लग्न होऊन ती विठ्ठलवाडीला आली तेव्हापासून दर वर्षी माघ दशमीला ओतूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती तुपाचा डबा द्यायची. त्या कंडक्टरांपैकी कोणाचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. डबा एकदाही वाटेत राहिला नाही. पुढे मीच कंडक्टर झाले.

पहाटे ५:००

आगारात शिरताना गेटवरच्या काकांनी हात जोडले. “राम कृष्ण हरी, ताई.” मीही म्हटलं. हजेरीवर सही केली, मशीन घेतलं, कागदाचे दोन रोल, सुट्टे पैसे मोजून घेतले. आजची आळेफाट्याची कामगिरी खरं तर दुसऱ्या बाईंची. मी पंधरा दिवस आधी सांगून बदलून घेतलीय. वाहतूक नियंत्रकांना कारण विचारावं लागत नाही. ते म्हणाले, “तूप का? जा.”

माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडते ती ही गेटवरची हाक. दुसऱ्या पंथांत गुरुमंत्र कानात सांगतात. डोक्यावरून वस्त्र ओढून, बाकीच्यांना दूर सारून, आणि पुन्हा कुठे उच्चारू नकोस अशी ताकीद देऊन. त्या रीतीतही अर्थ आहे, मी ती कमी लेखत नाही. पण तुकोबांनी आपल्याला मिळालेला मंत्र उघड्यावर गाऊन टाकला. आता तो आगाराच्या गेटवर नमस्काराच्या जागी येतो. ट्रकच्या मागे लिहिलेला असतो. फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या ऐवजी म्हणतात. सकाळपासून रात्रीपर्यंत मला कितीतरी माणसं दीक्षेचा मंत्र देतात आणि मी त्यांना देते, मधे फक्त तिकिटाचे पैसे असतात. एवढी मोठी गोष्ट इतकी सोपी करून ठेवली, याचं मला अजून नवल वाटतं.

पहाटे ५:४०

डबल बेल. गाडी आगारातून बाहेर पडली. ड्रायव्हरभाऊ माझ्यासोबत पूर्वीही होते, त्यांनी डबा बघून सांगितलं, “इंजिनाजवळ ठेवू नका, पातळ होईल.” डबा माझ्या सीटखाली, पिशवीत, भोवती टॉवेल.

पुलापलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आणून ठेवली, त्यातून ते शहर उभं राहिलं. लहानपणी शेजारच्या सिंधी आजींकडून ऐकलंय, घरदार तिकडे राहिलं तरी माणसं गुरूचा फोटो आणि पोथी घेऊन निघाली होती. स्वामी टेऊँराम यांच्या प्रेमप्रकाश परंपरेतल्या स्वामी शांतिप्रकाशांचा आश्रम उल्हासनगरात आहे. जमीन सुटली तरी गादी सुटली नाही.

कल्याण स्टँडवर गाडी भरली. मुरबाडचे नोकरदार, भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बाया, दोन-तीन घरं मिळून पंढरपूरला निघालेली मंडळी. उद्या माघी एकादशी, चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक. यांना आळेफाट्याला गाडी बदलायची होती. शेवटच्या क्षणी एक संन्यासी चढले. भगवी छाटी, वर जाड स्वेटर, हातात कमंडलूऐवजी स्टीलची बाटली. आळेफाट्याचं तिकीट मागितलं. तिथून नाशिकची गाडी पकडून त्र्यंबकला जायचं होतं. पैसे रुमालाच्या गाठीत, सगळी नाणी. मला सुट्ट्यांची गरज होतीच.

सकाळी ६:२५

शहाडच्या पुलावरून डावी-उजवीकडे अजून दिवे. बिर्ला मंदिर आलं की बसमधले निम्मे हात छातीशी जातात, तिथे विठ्ठल-रखुमाई आहेत. म्हारळ, वरप, कांबा. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी धुक्यात बुडलेली, पाणी दिसत नव्हतं, नुसता गारवा खिडकीतून आत येत होता. गोवेलीला टिटवाळ्याचे उतरले.

सकाळी ७:२०

मुरबाडला गाडी अर्धी रिकामी झाली. सरळगावनंतर मला तिकिटं नव्हती. संन्यासीबाबांच्या शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी माझ्या माळेकडे बघून विचारलं, “माळकरी? कोणत्या फडाच्या?” मी सांगितलं. मग मी विचारलं, “आपण?”

“पुरी,” ते म्हणाले.

एवढंच. पूर्वाश्रमाचं नाव संन्याशाला विचारू नये, हे मला ठाऊक आहे. गाव विचारलं नाही. पण त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. दशनामी संन्याशांची दहा नावं. गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत, सागर. शंकराचार्यांच्या चार मठांना ती जोडलेली. पुरी, भारती, सरस्वती शृंगेरीकडे. संन्यास घेताना विरजा होम करतात, शेंडी-जानवं सोडतात आणि स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घालतात. “त्या दिवशी मी माझं पिंडदान केलं,” बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, जसं कोणी सांगावं की त्या दिवशी मी रेशनकार्डात नाव बदललं. “मागं कोणी रडायला नको म्हणून आधीच.”

मी म्हटलं, “आमच्या ज्ञानोबांचे वडील पण संन्यासी झाले होते.”

“हो. आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना घरी परत पाठवलं.”

इथे आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. आळंदीला रुक्मिणीबाई अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. गुरू आळंदीला आले, त्यांना आशीर्वाद दिला, मग कळलं की हिचा नवरा आपलाच शिष्य आहे. त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात धाडलं. ज्या माणसानं स्वतःचं श्राद्ध घातलं तो पुन्हा घरात आला, चार मुलं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. गावानं त्यांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं.

मी लहानपणापासून कीर्तनात हे ऐकत आले. पण स्वतःचं पिंडदान केलेल्या माणसाच्या शेजारी बसून पहिल्यांदाच विचार केला, की त्या गुरूंनी काय पत्करलं असेल. मठाचा नियम मोडला. आपल्याच शिष्याची फजिती होणार हे त्यांना दिसत असणार. तरी म्हणाले, जा. त्यांनी नियम पाळला असता तर ज्ञानेश्वरी कुठली? मठाला मी दोष देत नाही. पण वारकऱ्यांची सगळी वाट त्या एका परतलेल्या पावलापासून सुरू होते, असं मला वाटतं. म्हणून आमच्यात भगवं घालून घर सोडावं लागत नाही. पंढरपुरात आमचे मठ आहेत, ते वारीत उतरायला आहेत. वारी करून माणूस घरीच येतो, कामावर येतो.

बाबांनी खिडकीची काच थोडी सरकवली. “आणि तुकाराम महाराजांचे गुरू? नाव काय त्यांचं?”

“बाबाजी चैतन्य.”

“चैतन्य,” ते हसले. “शृंगेरीकडच्या ब्रह्मचाऱ्यांना ‘चैतन्य’ म्हणतात. म्हणजे ते आमच्या घरचे.”

हे मी ऐकलेलं आहे. काही अभ्यासक त्यांना बंगालच्या चैतन्यांशी जोडतात. मी त्यात पडणारी नाही. पण एका देहूच्या वाण्याला, दुष्काळात दुकान बुडालेल्या, बायको-मूल गमावलेल्या माणसाला मंत्र द्यायला एक घर सोडलेला साधू स्वप्नात येतो आणि येऊन मागतो काय, तर तूप. घर सोडलेल्यानं घरातली गोष्ट मागितली. मी सीटखालचा डबा दाखवला आणि कशासाठी आहे ते सांगितलं. बाबांनी हात लावला नाही, फक्त वाकून बघितलं.

सकाळी ८:३५

टोकावडे, वैशाखरे, सावर्णे. मग माळशेज घाट. पावसाळ्यात इथे गाडीच्या टपावर धबधबा कोसळतो. माघात कडे कोरडे, गवत सोनेरी, काटेसावरीला लाल फुलं. बोगदा ओलांडला की हवा बदलते. ड्रायव्हरभाऊंनी वळणावर वेग कमी केला, पंढरपूरच्या मंडळींनी न सांगता टाळ्यांवर नामस्मरण सुरू केलं.

वर आल्यावर खुबी फाटा. तिथून हरिश्चंद्रगड दिसतो. चांगदेवांनी त्या गडावर तप केलं, ‘तत्त्वसार’ तिथेच लिहिला असं सांगतात. चौदाशे वर्षं जगलेला योगी अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र पाठवायला घेतलं तर मायना काय लिहावा सुचेना. वयानं लहान, ज्ञानानं मोठे. कोरा कागद पाठवला. उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. आणि शेवटी चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला. वयात न आलेल्या पोरीला. दर वेळी इथे आले की माझी नजर गडाकडे जाते. एवढ्या मोठ्या माणसानं एवढ्या लहान मुलीपुढे वाकायचं ठरवलं, ते ठरवायला त्याला किती रात्री लागल्या असतील.

सकाळी ९:५०

ओतूर. मढ, डिंगोरे मागे पडलं तेव्हापासून माझ्या पोटात गोळा. दर वर्षी स्टँडच्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या बंद गाड्याजवळ एक आजी उभ्या असतात. नऊवारी, डोक्यावर पदर, गळ्यात माळ, हातात गेल्या वर्षीचा डबा. माझ्या आईच्या वेळी त्यांच्या सासूबाई यायच्या. मी डबा देते, त्या डबा देतात. रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून त्यांच्या डब्यात नेहमी काहीतरी असतं. कधी तांदूळ, कधी हरभरे, एकदा ओल्या नारळाच्या करंज्या. आम्ही एकमेकींच्या पाया पडतो. पूर्ण मिनिटही होत नाही. गाडीला थांबा तेवढाच असतो. माझ्या नोकरीची एवढी वर्षं झाली, आम्हाला एकमेकींचं नाव माहीत नाही.

आज आजी नव्हत्या.

मी दारात उभी राहिले. पाच जणं उतरली, चौघं चढली. मशीन हातात तसंच. ड्रायव्हरभाऊंनी आरशातून बघितलं आणि बेलची वाट बघत थांबले.

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी धावत आली. बारा-तेरा वर्षांची. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, छातीशी घट्ट धरलेला कडीचा डबा. तिनं आधी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे.

“तुम्हीच का? आजीनं सांगितलंय, लाल गाडीतल्या माळेवाल्या बाईंना दे म्हणून.”

“आजी कुठंय?”

“पडलीय घरात. पाय मोडला. तिनं मला दिवसभर शिकवलंय, काय काय करायचं ते.” एका दमात तिनं म्हणून दाखवलं. डबा घ्यायचा, हलवायचा नाही, समाधीपुढं आधी निरांजन लावायचं, मग तुपाचा नैवेद्य दाखवायचा, मग उरलेलं घरी आणून सगळ्यांच्या भातावर. “तुकोबांचं राहिलेलं तूप आहे ना हे?”

मी तिच्या हातातला डबा घेतला, माझा दिला. तिनं झाकण उघडून आत बघितलं, रवा बघून नाकानं वास घेतला, पुन्हा कडी लावली. मग एकदम वाकून माझ्या पाया पडली. मीही वाकले. गणवेशातल्या पोरीच्या पाया कंडक्टर पडते हे बघून रसवंतीजवळचे दोघं हसले, पण वारीत हीच रीत. लहानमोठं बघत नाहीत.

“पुढच्या वर्षी पण याच गाडीला का?”

“याच गाडीला.”

मी डबल बेल दिली.

सकाळी १०:४०

आळेफाटा. पुणे–नाशिक रस्ता इथे आडवा जातो. पंढरपूरची मंडळी सामान उचलून पळाली. संन्यासीबाबा सगळ्यात शेवटी उतरले. मी म्हटलं, “त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला माझा नमस्कार सांगा.” ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तींना उपदेश दिला. नाथांची सगळी परंपरा, आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, त्या डोंगरावर एका मुलाच्या हाती आली आणि त्या मुलानं ती धाकट्या भावाला दिली. मठ नाही, गादी नाही. भावानं भावाला दिली. बाबा म्हणाले, “सांगतो. कुशावर्तावर स्नान झालं की आधी तिकडेच.” मग हात जोडून “ॐ नमो नारायणाय” म्हणाले, मी “राम कृष्ण हरी” म्हटलं.

परतीच्या गाडीला पाऊण तास. डब्यातली भाजी-भाकरी खाल्ली, ड्रायव्हरभाऊंनी मिसळ घेतली. जवळच आळे गाव. पैठणला ज्या रेड्यानं वेद म्हटले त्याची समाधी तिथे आहे. पैठणहून परतताना भावंडांसोबत तो रेडा चालत आला आणि आळ्याला त्यानं देह ठेवला, अशी कथा. जाऊन यायला वेळ पुरणार नव्हता. त्या दिशेनं तोंड करून उभी राहिले. चमत्कार खरा की खोटा यावर माणसं वाद घालतात. मला एवढंच दिसतं, की ज्याला वेद ऐकायचा अधिकार नव्हता त्याला आमच्या परंपरेनं समाधी बांधून दिली.

दुपारी १२:१०

परतीला एक पोरगा चढला, सतरा-अठराचा, गुडघ्यांत पखवाज. खोळीत घातलेला. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकतो, डोंबिवलीत सप्ताहाला साथ करायला निघालेला. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये ती संस्था काढली. तोवर कीर्तन हे घराण्यात, फडात, बापाकडून मुलाकडे, गुरूच्या घरी राहून शिकायचं. जोगमहाराजांनी वर्ग केले, चार वर्षांचा अभ्यासक्रम केला. कोणत्याही जातीचा, कुठल्याही गावचा मुलगा येऊन शिकू लागला. जोग स्वतः आजन्म ब्रह्मचारी, तरुणपणी पैलवान. परंपरा शाळेत बसवायची म्हणजे तिचा जीव जाईल अशी भीती त्या काळी काहींना वाटली असणार. पण आज गावोगावच्या सप्ताहात जी पोरं टाळ घेऊन उभी राहतात त्यांतली किती त्या शाळेतून आली आहेत ते बघा.

पोराच्या डाव्या हाताच्या नखांत सुकलेली कणीक होती. पखवाजाच्या धुम्याला कणीक लावतात, त्यानं आवाज खाली उतरतो आणि घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. सकाळी घाईत त्यानं हात नीट धुतले नसावेत. पूर्ण घाटभर समोरच्या सीटच्या दांड्यावर त्याची बोटं चालत होती. मी विचारलं, “कोणाकडे शिकतोस?” त्यानं आधी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, मगच गुरुजींचं नाव घेतलं.

दुपारी ४:१५

गाडी आगारात. वेबिल, भरणा, हिशेब. सात रुपये जास्त आले, कोणाचे ते आठवेना, नियमानं भरून टाकले.

वेबिल भरताना मला बहिणाबाईंची आठवण होते. शिऊरच्या बहिणाबाई, जन्म १६२८, देहावसान १७००. कोल्हापुरात असताना तुकोबांनी त्यांनाही स्वप्नातच मंत्र दिला. ब्राह्मणाघरची बाई, गुरू शूद्र म्हणवला गेलेला. नवऱ्यानं मारलं, तरी त्यांनी सोडलं नाही. त्यांनी एका अभंगात परंपरेची यादी लिहून ठेवली. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, मग सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी, तुकोबा. आणि शेवटी स्वतः, बहिणी. पुरुषांच्या त्या लांब रांगेच्या टोकाला एका बाईनं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं.

ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची, तुकोबांचा जन्म १६०८ चा. तीनशे वर्षं आणि मधे पाच नावं. आमच्या वेबिलात प्रत्येक टप्प्याला किती चढले, किती उतरले ते लिहावं लागतं, नाहीतर हिशेब जुळत नाही. त्या यादीत मधले टप्पे कोरे आहेत. ते कोरे म्हणजे रिकामे नव्हेत. कोणीतरी पोथी उतरवून घेतली, कोणीतरी एकादशीला घरात अन्न शिजू दिलं नाही, कोणीतरी पोराला हरिपाठ पाठ करायला लावला, कोणीतरी कंडक्टरच्या हाती डबा दिला. त्यांची नावं लिहायचं कोणाला सुचलं नाही. वाट मात्र त्यांनीच चालती ठेवली.

सायंकाळी ७:००

तासभर झोप झाली. चाळीच्या टोकाला छोटं देऊळ, तिथे हरिपाठ. ज्ञानोबांचे सत्तावीस अभंग. पंधरा-वीस बायका, सहा पोरं, एक निवृत्त गँगमन काका वीणा धरतात. मधे कर्जतची लोकल गेली की काही ऐकू येत नाही, पण टाळ थांबत नाहीत. गाडी निघून गेल्यावर सगळे त्याच शब्दावर सापडतात.

शेजारचा मुलगा आज रात्रीच्या गाडीनं पंढरपूरला निघतोय, उद्या माळ घालणार. वर्कशॉपमध्ये फिटर आहे. हरिपाठानंतर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, नक्की काय करतात?” मी माझं सांगितलं. एकोणीस वर्षांची होते. आळंदीला समाधीजवळ ज्ञानेश्वरी उघडलेली. महाराजांनी माळ पोथीवर ठेवली. नियम सांगितले. एकादशी मोडायची नाही, मांस-दारूला शिवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, परस्त्री आईसमान, वर्षाला वारी चुकवायची नाही. मग पोथीवरची माळ उचलून गळ्यात घातली आणि म्हणाले, ही मी देत नाही, ज्ञानोबा देतात, मी मधला.

“झालं एवढंच?”

“एवढंच. मग आयुष्यभर ती सांभाळायची.”

त्यानं मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं पुसलं नाही.

रात्री ९:४५

उद्याचा साबुदाणा भिजत घातला. मग ओतूरचा डबा काढला. वर्षभर माझा डबा त्यांच्याकडे, त्यांचा माझ्याकडे; दोन्हींच्या कड्या आता सैल झाल्यात.

आत तांदूळ होते, जुन्नरकडचे, वास घरभर पसरला. श्रावणात कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाच्या पिंडी घालतात. आजी कधीतरी त्यातलेच प्रसादाचे पाठवत. मी ताटात ओतले तेव्हा खाली वहीच्या पानाची घडी निघाली. निळ्या शाईनं, चौकटीच्या बाहेर जाणारं वळणदार अक्षर.

‘आजी विचारते, तुमचं नाव काय आहे आणि आधी ज्या तूप पाठवायच्या त्यांचं नाव काय होतं. आजी म्हणते मला लिहून ठेवायला पाहिजे. पुढच्या वर्षी डब्यात पाठवा.’

मशीनच्या रोलचा उरलेला कोरा कागद पिशवीत होता, तो काढला. लेकीच्या दप्तरातून पेन घेतलं. आधी आईचं नाव लिहिलं. मग त्याच्याखाली माझं.